हातमोज्यांतली टाळी

“बंद करा ते! वेंडेल, आधी ते बंद कर!”

दारावरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा पेटलेला असताना त्या खोलीत पाऊल टाकायचं नसतं, हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. व्हर्लीन टॉलिव्हरला माहीत नव्हतं, आणि असतं तरी त्या दुपारी तिनं दिव्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. दार ढकलून ती सरळ आत घुसली. अंगात चर्चच्या सेवेचा पांढराशुभ्र पोशाख, डोक्यावर पांढरी टोपी, हातांत पांढरे सुती हातमोजे. ड्रमवाल्याची काठी वरच्या वर राहिली. काचेपलीकडे बसलेला स्टुडिओचा मालक गॅडिस ताडकन उठला.

“ही नर्स कुणी बोलावली? कोण पडलं रे?”

“नर्स नाही, माझी बहीण आहे,” माइकपुढून वेंडेल म्हणाला. “आता काही खरं नाही माझं.”

कुणीतरी खुदकन हसलं, पण व्हर्लीनचा चेहरा पाहून गप्प झालं. पूर्वी बर्फाचा कारखाना होता ती जागा. जाड भिंती, उंच छप्पर, आणि उन्हाळ्यातही फरशीतून येणारा गारवा. मेम्फिसमधली निम्मी गाणारी पोरं त्या भिंतींच्या आत नशीब काढायला यायची. वेंडेलही त्यातलाच. आई गेल्यावर व्हर्लीननंच त्याला लहानाचा मोठा केला होता, त्यामुळे चारचौघांत त्याचा कान पिळायला ती कचरत नसे.

“तुला एकट्याला सांगितलं होतं मी,” ती म्हणाली. “स्वयंपाकघरात, बटाटे सोलताना. पाळकांना नाही, देवाला सुद्धा नीट नाही, तुला सांगितलं. आणि तू त्याचं गाणं केलंस?”

“तुला कोण म्हणालं?”

“ऑट्री म्हणाला. आज चर्चमध्ये एका म्हाताऱ्याचं मयत होतं, प्रार्थना संपते न संपते तोच येऊन म्हणतो, ‘सिस्टर व्हर्लीन, ओपलवर काय गाणं केलंय हो तुमच्या भावानं, डोळ्यांत पाणी आलं.’ तशीच बसनं इथं आलेय मी.”

ऑर्गनवर ऑट्री बसला होता, मान खाली घालून. हा गडी रविवारी सकाळी लिटल जॉर्डन चर्चमध्ये स्तोत्रं वाजवायचा आणि एरवी इथं येऊन बायकांच्या कमरेवरची गाणी वाजवायचा. सगळ्या चर्चला ते ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. तोही त्याच मयताहून आला होता, पण स्वतःच्या गाडीनं, म्हणून तिच्या आधी पोचला. तोंड फार सैल होतं त्याचं.

आता ओपलचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ओपल व्हर्लीनची एकुलती एक लेक. नवरा मोटारींच्या कारखान्यात काम शोधायला उत्तरेला गेला तो तिकडचाच झाला. उरल्या या दोघी. पोरीच्या रक्तातच आजार होता. अधूनमधून हाडं ठणकायला लागायची, कुणीतरी आतून पिळतंय असं म्हणायची. दोन दिवस, चार दिवस, मग ओसरायचं, आणि बाईसाहेब पुन्हा दोरीवरच्या उड्या मारायला हजर. व्हर्लीन आठवडाभर लाँड्रीत इस्त्री करायची आणि रविवारी चर्चच्या दारावर सेवेला उभी राहायची. येणाऱ्याला जागा दाखवायची, कुणाला उकडलं तर हातपंखा द्यायचा, कुणी रडून कोसळलं तर सावरायचं. आणि हे सगळं एक अक्षर न बोलता, नुसत्या हातांच्या खुणांनी. दारावरच्या बाईनं एक हात पाठीमागे कमरेवर ठेवायचा. ती गात नाही, टाळी वाजवत नाही, रडत नाही आणि प्रार्थना संपेपर्यंत जागा सोडत नाही. व्हर्लीनला या सगळ्याचा फार अभिमान होता.

ओपल दुसऱ्या बाकाच्या टोकाला एकटी बसायची. कंटाळली की बाकावर उलटी वळून, बाकाच्या पाठीवर हनुवटी टेकवून आईच्या दिशेनं बघत राहायची. मग व्हर्लीन पाठीमागचा हात हळूच पुढे आणायची आणि हातमोजे एकमेकांवर दोनदा टेकवायची. आवाज यायचा नाही. मी इथंच आहे, थोडं थांब, असा त्याचा अर्थ. मायलेकींनी तो आपसांत ठरवला होता.

त्या रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. बाहेरगावचे पाळक प्रवचनाला आले होते, माणसं भिंतींना टेकून उभी होती. मधेच ओपल वळून बसली. कपाळ आठ्यांनी आवळलेलं. व्हर्लीननं ओळखलं, ठणका सुरू झालाय. पण ठणका काही नवा नव्हता, आणि दार सोडलं तर गर्दी कोण आवरणार? तिनं हातमोजे दोनदा टेकवले. ओपल तशीच बसून राहिली. एकदाही हाक मारली नाही. प्रवचन लांबलं, मग प्रार्थना लांबली, आणि व्हर्लीन गर्दीतून वाट काढत पोचली तेव्हा पोर तापानं फणफणली होती. त्याच आठवड्यात इस्पितळात तिनं जीव सोडला.

ओपलच्या मयताच्या दिवशी व्हर्लीन घरच्या लोकांच्या बाकावर बसलीच नाही. पांढरा पोशाख घालून, हात कमरेवर ठेवून, दारावर उभी राहिली. आलेल्यांना जागा दाखवल्या, पंखे वाटले. दगड आहे दगड, असं बायका म्हणाल्या. म्हणोत बापड्या. बसली असती तर ती परत उठली नसती, हे त्यांना कुठं माहीत!

तर असं ते सगळं, बटाटे सोलताना भावाला सांगितलेलं.

“त्यात तुझं नाव नाही,” वेंडेल आता म्हणत होता. “ओपलचं नाव नाही. चर्च नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, एक माणूस आपल्या बाईची वाट बघतोय.”

“म्हणजे माझी पोर गेली त्याच्यावर लोक एकमेकांच्या गळ्यात पडून नाचणार!”

“नाचतील, रडतील, काय करायचं ते करतील. तू एकदा ऐक. ऐकून नको म्हणालीस तर तुझ्यादेखत टेप पुसतो.”

“ए, टेप माझी आहे,” काचेपलीकडून गॅडिस ओरडला.

“मग तुझ्यादेखतही पुसतो.”

व्हर्लीन साथीच्या बायकांच्या माइकजवळ उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. सवयीनं एक हात कमरेवर गेला. ऑट्रीनं ऑर्गन धरला, चर्चमध्ये धरतो तसाच, आणि वेंडेलनं डोळे मिटले.

“दाटली गर्दी, दिवे मंद झाले,
दारात तू उभी, मला इथून दिसतेस.
सावकाश ये, माझे राणी,
सावकाश ये, मला घाई नाही.”

व्हर्लीनला वाटलं होतं, गाणं तिच्यावर असेल. दारात उभ्या राहिलेल्या, पोरीकडे न गेलेल्या आईवर. ते ऐकायची तयारी करून ती आली होती, भांडायची तयारी करून आली होती. पण हे बाकावरून येत होतं. वेंडेलनं तोंड ओपलचं घेतलं होतं.

गाणं संपलं.

“तुला काय माहीत?” ती म्हणाली. “तिला मी दिसत होते हे तुला काय माहीत?”

“दिसतच असणार. वळून बसायची ना ती?”

“तिच्या मागच्या बाकावर त्या दोघी म्हाताऱ्या बसतात, परातीएवढ्या टोप्या घालून. मी त्या जागेवर कधी बसलेच नाही रे. मला टोप्यांवरून तिचं कपाळ तेवढं दिसायचं. तिला काय दिसत होतं, कुणास ठाऊक. खूण दिसली म्हणून ती थांबली, की नुसतीच भ्यायलेली बसली होती? हे नाही मला माहीत.”

“मला वाटतं, दिसत होतीस.”

“तुला वाटतं!”

“हो, मला वाटतं,” वेंडेल म्हणाला. “आणि तुलाही वाटावं म्हणून केलंय हे गाणं. दुसऱ्या कशासाठी नाही.”

तसं वाटावं, हेच तर तिला हवं होतं. रात्रंदिवस दुसरं काही नको होतं तिला. तिनं नुसती मान हलवली, पुन्हा म्हण, अशी.

पुन्हा दिवा लागला. “सावकाश ये, मला घाई नाही,” इथं येऊन वेंडेल थांबला. त्या ओळीनंतर वाद्यंही थांबायची, एक श्वास जाईल एवढी जागा मोकळी सोडली होती. आणि त्या जागेत व्हर्लीनचा कमरेवरचा हात पुढे आला. तिनं आणला नाही, आला. हातमोजे एकमेकांवर टेकले. थप, थप. चर्चमध्ये जो आवाज कधी कुणाच्या कानावर गेला नव्हता, तो शेजारच्या माइकनं उचलला. पुढच्या कडव्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. वेंडेल गाता गाता रडत होता, पण सूर सोडला नाही पठ्ठ्यानं.

संपल्यावर व्हर्लीन भानावर आली आणि लाजेनं हातमोजे काढायला लागली.

“अहो बाई, काढू नका!” गॅडिस काचेमागून धावत आला. “पाया पडतो तुमच्या, हात तसेच ठेवा. अजून एकदा घेऊ.”

“अजून एकदा नाही,” व्हर्लीन म्हणाली. “झालं ते झालं. तेच ठेवा.” आणि वेंडेलला म्हणाली, “पण हे कुणावरचं गाणं, ते मरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. ऑट्री, तू पण. तुझी जीभ मी इस्त्रीखाली धरीन.”

पुढचं जगाला माहीत आहे. त्या उन्हाळ्यात “सावकाश ये” लागलं नाही असा रेडिओ नव्हता. शिकागोपासून न्यू ऑर्लीन्सपर्यंत खिडक्या-खिडक्यांतून तेच. लग्नांत पहिला नाच त्याच्यावर, भांडलेली जोडपी समेट करायची त्याच्यावर. आणि त्या दबक्या टाळीवर लोकांनी काय काय पिकवलं! कुणी म्हणे उशी बडवली, कुणी म्हणे ओल्या पुठ्ठ्यावर थापट्या मारल्या, कुणी म्हणे वेंडेलचं काळीज ठोकतंय ते. शहाण्यासुरत्या वाजवणाऱ्यांनी तसा आवाज काढायचा जंग जंग प्रयत्न केला. कुणाला साधला नाही. वेंडेलला तर मुलाखतीत हटकून विचारायचे, ती दारातली बाई कोण? “होती एक,” एवढंच तो सांगायचा. त्यावरून मेम्फिसमधल्या चार पोरींनी ती आपणच असल्याचं पसरवलं. पण टूरवरून कुठूनही बहिणीला फोन करायचा तेव्हा गाण्याचं नाव काढायचा नाही. जेवलीस का, एवढं विचारायचा.

लाँड्रीत मात्र सुटका नव्हती. गाणं लागलं की शेजारच्या टेबलावरची ब्यूला रेडिओ मोठा करायची आणि मोकळ्या हातांनी फटाफटा टाळ्या पिटायची. “अगं व्हर्लीन, भाऊ तुझा, आणि तू अशी मख्खासारखी उभी? तुझ्यात गाणं कसं ते नाहीच बघ!” व्हर्लीन म्हणायची, “कॉलर जळतेय तुझी, तिकडे बघ.” आणि इस्त्रीची वाफ सोडून त्या वाफेआड तोंड पुसायची.

असं किती दिवस झाकून राहणार? ऑट्रीनं गाणं कुणावर आहे ते नाही सांगितलं, तेवढं वचन पाळलं. पण टाळी कुणाची ते एका लग्नाच्या पंगतीत दोन प्याले झाल्यावर बोलून गेला. रविवारपर्यंत सगळ्या चर्चला कळलं.

दारावरच्या बायकांच्या प्रमुख होत्या सिस्टर ओझेला प्रॉक्टर; त्या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणायची रीत होती. गुडघे गेलेले, पण ताठ उभ्या राहिल्या की तरण्या पोरींनी बघत राहावं. त्यांनी व्हर्लीनला चर्चच्या स्वयंपाकघरात गाठलं. तिथं जेवणासाठी कोंबडी तळली जात होती. सिस्टर प्रॉक्टरनी बाकीच्यांना नजरेनंच बाहेर काढलं.

“खरं आहे का गं ते?”

“खरं आहे.”

“हे हातमोजे घालून? देवाच्या दारावरचे हातमोजे घालून, त्या असल्या गाण्यात?”

“हो.”

सिस्टर प्रॉक्टरनी गॅस बारीक केला. “मला यात आनंद नाही, बाई. तुझ्यासारखी दारावर उभी राहणारी दुसरी नाही माझ्याकडे. पण पाळक म्हणतात, चर्चच्या सेवेतल्या माणसानं जगाच्या गाण्यात हात घालायचा नाही, नियम म्हणजे नियम.”

“ऑट्री दोन्ही हात आणि दोन्ही पाय घालतो.”

“ऑट्रीला घरी बसवला तर ऑर्गन कोण वाजवणार? मी?” त्या क्षणभर हसल्या, मग पुन्हा गंभीर झाल्या. “हे बघ. मी तोड काढलीय. येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभी राहा, माझी चूक झाली एवढं म्हण. संपलं. पुढच्या रविवारी दार तुझं. तू पोरीला खुणा करायचीस, ते मला दिसत नव्हतं असं समजू नकोस. तेही नियमात नव्हतं. कानाडोळा केलाच ना मी?”

व्हर्लीनला दार हवं होतं. दुसरं उरलंच काय होतं तिला? आठवडाभर दुसऱ्यांचे शर्ट आणि रविवारी ते दार. तिथं उभी राहिली की दुसऱ्या बाकाच्या टोकाला अजून कुणीतरी वळून बसलंय, असं तिला वाटायचं. तीन शब्द बोलायचे आणि दार परत. पण ती टाळी म्हणजे चूक, असं तिच्या तोंडून येईना.

“चूक झाली माझी,” ती हळूच म्हणाली. “पण ही नाही, सिस्टर. ती दुसरीच आहे. तिची माफी मी मागते रोज. हिची नाही मागणार.”

“कुठली दुसरी?”

व्हर्लीननं एकेक बोट मोकळं करत हातमोजे काढले, घडी घातली आणि ओट्यावर, पीठ सांडलेलं नव्हतं अशा जागी ठेवले. सिस्टर प्रॉक्टर बराच वेळ त्या घडीकडे बघत राहिल्या. तळणातली कोंबडी करपली त्या दिवशी, पहिल्यांदाच.

त्यानंतर व्हर्लीन चर्चमध्ये यायची ती साध्या निळ्या झग्यात, आणि भिंतीकडेच्या कुठल्यातरी बाकावर बसायची. पुढच्या बाकांकडे फिरकायची नाही. नुसतं बसून राहायचं म्हणजे हातांचं काय करायचं, तेच तिला कळत नसे. दारावर दुसरी कुणी मनासारखी मिळेना, म्हणून सिस्टर प्रॉक्टर स्वतःच दुखऱ्या गुडघ्यांवर उभ्या राहू लागल्या.

मग एका रविवारी बस चुकली आणि तिला उशीर झाला. पुन्हा बाहेरगावचे पाळक, पुन्हा तुडुंब गर्दी. दारात सिस्टर प्रॉक्टर. एका शब्दानं बोलल्या नाहीत, बोलायचं नसतंच. पांढरा हात पुढे केला आणि चालू लागल्या. दारावरच्या बाईनं हात दाखवला की तिकडे जायचं, तिथं मागेपुढे करायचं नाही, हे व्हर्लीननंच किती जणांना शिकवलं होतं. ती मागोमाग गेली. हात थांबला तो दुसऱ्या बाकाच्या टोकाशी. तेवढी एकच जागा रिकामी होती. व्हर्लीननं सिस्टर प्रॉक्टरकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या.

ती बसली.

कितीतरी वेळ ती पुढेच बघत राहिली. पाळक काय बोलत होते देव जाणे. शेवटी न राहवून ती वळली. सगळं स्वच्छ दिसत होतं. दार, दारावरच्या सिस्टर प्रॉक्टर, त्यांची टोपी, चष्मासुद्धा. पण ते तिच्या उंचीवरून. तिच्या लेकीची उंची ती किती! व्हर्लीन बाकावरून खाली घसरली, आणखी घसरली, गुडघे पुढच्या बाकाला टेकले. शेजारचा माणूस बघायला लागला. बघू दे. ओपलसारखी उलटी वळून तिनं हनुवटी बाकाच्या पाठीवर टेकवली.

मागच्या दोघी म्हाताऱ्यांच्या टोप्यांच्या कडा एकमेकींना भिडल्या होत्या. त्यांच्या वरून पलीकडचं काहीच दिसेना. दार नाही, दारावरच्या बाईचं तोंडही नाही. आईचा चेहरा त्या पोरीला दिसलाच नव्हता तर. आणि मग तिला टोप्यांच्या खाली, दोघींच्या खांद्यांमधली फट दिसली. फार रुंद नव्हती. त्या फटीतून पांढऱ्या पोशाखाचा कमरेपाशी एक तुकडा दिसत होता, आणि एक पांढरा हातमोजा.

म्हणजे हात दिसत होते. खूण दिसत होती. दिसली म्हणूनच ओपल थांबली होती. आई सांगतेय म्हणून, इतकं दुखत असताना, हूं की चूं न करता थांबली होती. वेंडेलचं खरं होतं. आणि ते खरं ठरल्यावर बरं वाटेल असं व्हर्लीनला इतके दिवस वाटत होतं. बरं वाटलं, आणि त्याच वेळी असं काही आतून तुटलं की तिनं बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

त्या फटीतला पांढरा हात हलला. पाठीमागचा दुसरा हातही पुढे आला. चेहरा दिसत नव्हता, सिस्टर प्रॉक्टरच्या मनात काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. दोन्ही हातमोजे एकमेकांवर टेकले. दोनदा. आवाज आला नाही.

मग ऑट्रीनं ऑर्गन धरला, सगळी मंडळी गायला उभी राहिली, आणि ते हात दिसेनासे झाले. व्हर्लीन उठली नाही. बाकाच्या पाठीवर हनुवटी टेकवून, दाराकडे तोंड करून ती तशीच बसून राहिली.